देवाच्या कुरणातला डावखुरा चोर

"स्वतःची तारीफ स्वतःच्या तोंडानं करणाऱ्या माणसाचा मला फार तिटकारा आहे," असं बंडप्पा नाकेदार म्हणाले, की कुसळवाडीतला शहाणा माणूस हळूच आपल्या वहाणा शोधू लागे. कारण पुढचं ठरलेलं असे. "पण सत्य दडवणं हाही गुन्हाच, म्हणून सांगतो. हैदराबादपासून तामलवाडीपर्यंत अख्ख्या निजामी मुलखात माझ्याइतकं तल्लख डोकं दुसरं नाही. पलीकडच्या इंग्रजी मुलखात एखादं असेल, मी चौकशी केलेली नाही. माणसाच्या नुसत्या पटक्याकडं बघून मी सांगतो, की त्यानं खाली धोतर नेसलंय."

"धोतर तर दिसतंयच की, दाजी," त्यांचा मेहुणा गुरुसिद्धप्पा एकदा म्हणून गेला होता.

"दिसतं सगळ्यांनाच," बंडप्पा म्हणाले. "ओळखतो कोण?"

त्या दिवसापासून गुरुसिद्धप्पाने उत्तरं शोधणं सोडून दिलं.

निजामाची हद्द संपून सोलापूरचा इंग्रजी मुलूख लागे तिथं, तामलवाडीजवळ, जकातीचा नाका होता. बंडप्पांची सारी नोकरी त्या नाक्यावर गेली. खरा नाकेदार गाड्यांची झडती घेई तेव्हा बैल बुजू नयेत म्हणून त्यांची वेसण धरून उभं राहणं हे बंडप्पांचं काम. पण माणूस जिथं उभा राहतो तिथलं थोडंफार अंगाला लागतंच. नोकरी संपवून ते गावी परतले ते दोन गोष्टी घेऊन. एक 'नाकेदार' हे नाव, जे त्यांनी वाटेतच स्वतःला बहाल केलं होतं, आणि दुसरी पोत्यात खुपसून चोरटा माल शोधायची लांब लोखंडी सळई.

त्या सळईच्या जोरावर त्यांनी गावात तपासाचं काम सुरू केलं. लिंबाजीची हरवलेली टोपी त्यांनी लिंबाजीच्याच डोक्यावर शोधून काढली होती. गेल्या साली तर फार मोठं प्रकरण गाजलं. गावाबाहेरच्या महादेवाच्या कुरणात जुनी चिंच होती, तिच्या ढोलीतून अंधार पडला की घुत्कार ऐकू येत. हे घुबडांचे आवाज नसून दरोडेखोरांचे एकमेकांना इशारे आहेत असं बंडप्पांनी सिद्ध केलं आणि चिंच तोडायला लावली. दरोडेखोर काही सापडले नाहीत. ते घाबरून पळाले असणार, असा निष्कर्ष निघाला. घुबडं मात्र खरोखरच गेली.

गुरुसिद्धप्पा या उद्योगात पडला तो नाइलाजाने. त्याचं किराणा मालाचं छोटं दुकान होतं, पण महायुद्धाच्या दिवसांत घासलेट नाही, साखर नाही, काड्यापेटीसुद्धा चिठ्ठीवर. दुकानात विकण्यासारखं त्याच्याखेरीज फारसं काही उरलं नव्हतं. तशात त्याची बहीण उमाबाई, म्हणजे बंडप्पांची बायको, येऊन म्हणाली, "तू ह्यांच्यासंगं जात जा रं. एकटे गेले तर कोणतरी मारंल त्यास्नी." बहिणीचं कुंकू राखायचं म्हणून गुरुसिद्धप्पा साहाय्यक झाला.

त्या वर्षी मार्गशीर्षात जे प्रकरण उभं राहिलं, ते याच महादेवाच्या कुरणाचं.

कुसळवाडीची रीत अशी, की पावसाळ्यापासून ते येळवस अमावास्येपर्यंत देवाच्या कुरणाला कुणी विळा लावायचा नाही. येळवशीला गाव तिथं जमायचं, गावातल्या सर्वांत वडील बाईने दगडांच्या देवापुढं भुईला आंबील पाजायची. भुई आंबील पीत राही तोवर ती भुकेली. आंबील वर थबकली, की तिचं पोट भरलं आणि गवत कापायला मोकळीक झाली. मग घरटी वाटे पडत आणि त्या गवतावर गावची जनावरं पाडव्यापर्यंत निभावत. एरवी एका तांब्यात भुईचं पोट भरे.

पण यंदा दिवाळी झाली आणि कुरणाला जागोजाग टक्कल पडू लागलं. कमरेएवढ्या गवतात मधेच घोंगडीएवढा तुकडा साफ झालेला. आठ दिवसांनी शेजारी दुसरा. येळवस जवळ आली तेव्हा निम्मं कुरण उघडं पडलं होतं. पुढं वैरणीचे हाल होणार हे दिसतच होतं, म्हणून लिंबाजीने आपली चांगली पाडी तुळजापूरच्या बाजारात मिळेल त्या भावाला देऊन टाकली. गावात कुजबुज सुरू झाली. जो तो दुसऱ्याच्या गोठ्यात डोकावून बघू लागला.

बब्रुवान पाटलांनी बंडप्पांना बोलावलं नव्हतं. पण बंडप्पा बोलावण्याची वाट बघणाऱ्यांतले नव्हते. ते चावडीवर गेले, सळई भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "पाटील, तहकीकात सुरू झाली आहे."

"कुणी केली सुरू?"

"मी."

पाटलांनी कपाळाला हात लावला. "करा. पर सळई कुणाला लावू नका."

पहिल्याच दिवशी आरोपी सापडला. कुरणाला लागून जगदेवीचं घर होतं. जगदेवी एकटी, विधवा. मालमत्ता म्हणाल तर गंगव्वा नावाची एक गाय. बंडप्पा कुंपणाकडेने निघाले होते, तो गंगव्वाने काट्यांतून मान आत घातलेली आणि तोंडात एक काडी.

"रंगे हाथ," बंडप्पा म्हणाले. मग गाईच्या तोंडाकडं बघून त्यांनी दुरुस्ती केली. "रंगे तोंड."

जगदेवी धावत बाहेर आली. "अवो, जनावर हाय. कुंपणातनं तोंड घालतंयच. पर पल्याडच्या अंगाचं गवत तिनं कसं नेलं? ती काय विळा धरती व्हय?"

"विळा तू धरतेस," बंडप्पा शांतपणे म्हणाले. "आणि तिच्या पोटाकडं बघ. अख्ख्या गावाचं कुरण आहे त्या पोटात."

"गाभण हाय ती."

"गाभण असणं आणि गुन्हेगार असणं, दोन्ही एका वेळी जमतं."

गावाला कुणीतरी चोर हवाच होता, आणि एकट्या बाईला चोर ठरवायला फारसा त्रास पडत नाही. पाटलांच्या मनात नव्हतं, पण चार लोकांनी गलका केल्यावर त्यांनी गाय कोंडवाड्यात घालायला सांगितली. दंड भरून गाय सोडवायची, नाही तर येळवस झाल्यावर पहिल्या बाजाराला तिचा लिलाव.

"दंड भरला म्हंजी चोरी केली असं हुतंय," जगदेवी म्हणाली. "म्या चोरी केली न्हाय. म्या भरणार न्हाय." आणि ती जाऊन कोंडवाड्याच्या दाराशी बसली. दिवसभर तिथंच बसू लागली. आतून गंगव्वा हंबरली, की बाहेरून ती बोले.

गुरुसिद्धप्पाला फार वाईट वाटलं. त्याच्या धाकट्या लेकीला तापाने धरलं होतं तेव्हा ही बाई महिनाभर रोज सकाळी तांब्याभर दूध उंबऱ्यावर ठेवून जाई, आणि पैसे विचारले तर ऐकू न आल्यासारखं करी. आता त्याच बाईच्या गाईला आपल्या दाजीने आत टाकलं होतं, आणि आपण शेजारी पटका सांभाळत उभे होतो. दुकानातलं उरलंसुरलं सरकीचं पोतं झाडून तो कोंडवाड्यावर गेला. बिराप्पा राखणदाराने तिकडं तोंड फिरवलं आणि गंगव्वाने सरकी खाल्ली. जगदेवीने त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तुज्या दाजीला सांग," एवढंच म्हणाली, "ती बाहेर यिऊन व्यायली पायजे. हितं कोंडवाड्यात न्हाय."

त्याने दाजींना सांगितलं. बंडप्पा मनाने वाईट नव्हते. ते मिशी चोळत म्हणाले, "पुरावा पक्का करू. निर्दोष असेल तर सुटेल. माझ्या तपासातून निर्दोष माणूस सुटल्याचं अजून उदाहरण नाही, पण काही सांगता येत नाही."

भर दुपारी ते कुरणात शिरले. चोर रात्री येतात ही अडाणी समजूत आहे, असं बंडप्पांचं मत होतं. हुशार चोर दुपारी येतो, कारण तेव्हा सगळे रात्रीच्या पहाऱ्यासाठी झोपलेले असतात.

टक्कल पडलेल्या तुकड्यापाशी बंडप्पा वाकले. गवताची बुडखी जमिनीलगत कापलेली होती, आणि प्रत्येक काप तिरका. त्यांनी उरलेल्या चांगल्या गवताची एक पेंढी करून घेतली, तिला लाल दोरा बांधला आणि दोऱ्यावर लाखेचा ठिपका दिला. "मुद्देमाल," ते म्हणाले. तिथून पुढं ती पेंढी त्यांच्या काखेतून उतरली नाही.

"आता बघ, गुरुसिद्धप्पा. काप तिरका आहे. डावीकडून उजवीकडं. म्हणजे चोर डावखुरा. काप बारीक आहे, म्हणजे विळा अगदी लहान. आणि किती खालून कापलंय बघ. म्हणजे माणूस बुटका."

"किती बुटका, दाजी?"

बंडप्पांनी हाताने दाखवलं. हात गुडघ्याच्या जरा वर थांबला. त्यांनाच ते पटेना, म्हणून त्यांनी हात कमरेपर्यंत वर नेला.

मग त्यांना बुडख्यांत काळे, लांबट दाणे दिसले. नाक्यावर अफू ओळखायची म्हणून खरा नाकेदार दाणा दाताखाली धरायचा, ते बंडप्पांनी बैलाच्या बाजूने कित्येकदा बघितलं होतं. त्यांनी एक दाणा उचलला आणि दाताखाली धरला.

"दाजी," गुरुसिद्धप्पा म्हणाला.

"बोलू नकोस. चव घेतोय. अफू नाही. शहाजिरंही नाही. काहीतरी परदेशी आहे."

"दाजी, त्या उंदराच्या लेंड्या हायत."

बंडप्पांनी दाणा थुंकला, पण घाई न करता. अनुभवी माणसाने घाई करायची नसते. पटक्याच्या शेवाने जीभ पुसून ते म्हणाले, "गुरुसिद्धप्पा, तुझ्या दुकानात उंदीर आहेत?"

"हायत की."

"काय खातात?"

"ज्वारी खात्यात, शेंगा खात्यात, साबण खात्यात. एकदा वजनकाट्याची दोरी खाल्ली."

"गवत खातात?"

गुरुसिद्धप्पाने विचार केला. "दुकानात गवत न्हाय."

"मग झालं. उंदीर दाण्याचा, बैल गवताचा. हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. इथं दाणा नाही, तर उंदीर येईल कशाला? हवापालटाला?"

हे मात्र गुरुसिद्धप्पाला पटलं. जन्मभर त्याने उंदराला दाण्याशीच बघितलं होतं. संध्याकाळी त्याने भीत भीत पाटलांपुढं विषय काढला तेव्हा पाटीलही हसले. "उंदराला गवत? मग बैलाला काय शेंगदाणे घालू?" सगळी चावडी हसली आणि गुरुसिद्धप्पानेही हसून घेतलं.

कुरणातून परतताना आणखी एक गोष्ट झाली. बंडप्पांनी चालता चालता सळई जमिनीत रोवली, आणि सळई मुठीपर्यंत आत गेली. दुसरीकडं रोवली, तिथंही तेच. खाली सगळं पोकळ.

बंडप्पांचा चेहरा उजळला. "भुयार," ते हळूच म्हणाले. "नळदुर्गच्या किल्ल्यातून निघालेलं."

"नळदुर्ग लांब हाय की, दाजी."

"म्हणूनच भुयार काढलं. जवळ असतं तर चालत आले असते."

रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं प्रकरण उलगडलं होतं. बुटक्या डावखुऱ्या माणसांची एक टोळी भुयारातून येते, देवाचं गवत कापते आणि हद्दीपलीकडं सोलापूरच्या टांगेवाल्यांना विकते. लढाईमुळं तिकडं घोड्यांना वैरण नाही. जगदेवी टोळीची गावातली हस्तक. गंगव्वा इशारा द्यायला हंबरते. उमाबाईने हे सगळं ऐकून घेतलं आणि आणखी एक भाकरी वाढली. "खावा," ती म्हणाली. "उपाशीपोटी असं सुचतंय."

दुसऱ्या दिवशी चावडीपुढं गावातल्या बाप्यांना हातात विळा देऊन उभं करण्यात आलं. कोण कुठल्या हाताने धरतो ते बंडप्पा बघत होते. सगळ्यांनी उजव्या हाताने धरला. शेवटी पाटील म्हणाले, "आण हिकडं, मला कामं हायत," आणि त्यांनी विळा घेतला तो डाव्या हातात.

सगळ्या माना तिकडं वळल्या.

बंडप्पांनी पाटलांच्या हाताकडं बघितलं. मग पाटलांच्या चेहऱ्याकडं बघितलं. "यावरून सिद्ध होतं," ते म्हणाले, "की चोर उजवा आहे आणि डावखुरा असल्याचं सोंग करतो."

त्याच दुपारी त्यांनी सोलापूरच्या वाटेला लागलेली एक बैलगाडी अडवली. गाडीत वर कडबा, खाली काहीतरी मऊ दडवलेलं. बंडप्पांनी सळई खुपसली आणि ओढून काढली, तर टोकाला कापसाचा पुंजका. महालिंगप्पा सावकारांच्या लेकीला सासरी घालवताना दिलेली नवी गादी होती ती. लेक गाडीतच होती, आणि तिच्या तोंडाला खीळ नव्हती. तिने जे काही ऐकवलं त्यातलं निम्मं कानडीत होतं, म्हणून गुरुसिद्धप्पाने दाजींना सांगितलं, की ती तब्येतीची चौकशी करत आहे.

अशा रीतीने येळवस उजाडली. तपास पुष्कळ झाला होता, आणि गंगव्वा अजून आतच होती. तिची कास भरून आली होती, आणि बाजार दुसऱ्या दिवसावर आला होता.

येळवशीला कुसळवाडीत माणूस उरत नाही. बायका डोक्यावर पाट्या घेऊन निघाल्या, पाट्यांत भज्जी, उंडे, खीर, आणि मडक्यांत ताकात शिजवून आंबवलेली ज्वारीची आंबील. देवाच्या कुरणात मधोमध पाच दगडांना चुना लावून त्यांच्यावर कडब्याची खोप उभी केली होती. जगदेवीही आली. गावाने तिच्याकडं पाठ केली, तरी येळवस चुकवायची नसते. तिने आपलं मडकं आणलं होतं आणि ती एका बाजूला उभी राहिली. गुरुसिद्धप्पा जाऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

बंडप्पा आपली सळई आणि काखेतला मुद्देमाल घेऊन थोडं दूर, मातीच्या एका उंचवट्यावर बसले. टोळी आजच येणार याची त्यांना खात्री होती. गर्दीत कोण बघतं.

गावात सर्वांत वडील बाई म्हणजे पाटलांची आई, सारजाबाई. कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. तिने दगडांपुढं बसून तांब्या भरला आणि भुईवर धार धरली. "घे माय, पी," ती म्हणाली.

भुई प्याली. तांब्या संपला, आणि जमिनीवर ओल सोडून काही नव्हतं.

"आण गं दुसरा." दुसराही गेला. तिसराही. सारजाबाईने मडकं तिरपं केलं. मडकं रिकामं झालं आणि आंबील कुठं गेली ते कळेना.

गाव गंभीर झालं. माना खाली गेल्या. देवाचं गवत चोरीला गेलं, म्हणून आई उपाशी आहे, असं कुणीतरी म्हणालं. सारजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई भुकेली हाय माजी माय," ती म्हणाली. "आणा समद्यांनी. आज आपण उपाशी ऱ्हाऊ, तिला न्हाय ठिवायचं."

मग एकामागून एक मडकी येऊ लागली. पाटलांच्या घरचं, लिंबाजीच्या घरचं, उमाबाईचं. सारजाबाई ओतत होती आणि भुई गटागटा पीत होती. शेवटी जगदेवीने आपलं मडकं पुढं केलं. कुणी काही बोलायच्या आत म्हातारीने ते तिच्या हातून घेतलं आणि उपडं केलं.

त्याच वेळी लांब उंचवट्यावर बसलेल्या बंडप्पांना बुडाखाली काहीतरी गार लागलं. मग हललं. मग चावलं.

"भूकंप," ते ओरडले, आणि मग इतक्या वर्षांची सरकारी भाषा विसरून म्हणाले, "अगं आई गं, मेलो की वो म्या."

ते उठून पळाले, आणि ते जिथं बसले होते तिथून आंबिलीने निथळणारा एक उंदीर बाहेर आला. मागोमाग दुसरा. मग दहा ठिकाणांहून, वीस ठिकाणांहून, सगळ्या कुरणातून पांढरे झालेले, आंबूस वासाचे उंदीर फुटाण्यासारखे वर येऊ लागले. बायका पाट्या घेऊन कडेच्या धोंड्यांवर चढल्या. पुरुष त्यांच्या मागं चढले. एक थोराड उंदीर सारजाबाईच्या पायापाशी थांबला, त्याने मिशा पुसल्या, शेजारची गवताची एक काडी बुडाशी दाताने तिरकी कापली आणि तोंडात धरून निघून गेला. घाबरलेला असला तरी घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, एवढी शिस्त त्याला होती.

गुरुसिद्धप्पाने ती काडी बघितली आणि वाकून उरलेल्या बुडख्यावरचा काप बघितला. तोच, तिरका.

"आरं," सारजाबाई म्हणाली, "म्या गावाची आंबील ह्या मुडद्यांच्या घरात वतली व्हय?"

कुदळी आणल्या. जिथं खणावं तिथं बीळ, बिळाला फाटे, आणि फाट्यांत बोटाबोटाएवढे गवताचे तुकडे ठासून भरलेले. खाल्लं त्याच्या कितीतरी पट कुरतडून, तुडवून नासवलेलं. पाटलांनी त्या ढिगातले मूठभर तुकडे उचलून बघितले. "एका उंदराचं काय पोट असतंय," ते म्हणाले. "चिमूटभर. पर एवढे उंदीर म्हंजी चार बैलजोड्यांची वैरण झाली की रं. आपण गावानं चार जोड्या पाळल्या, ना त्यांनी नांगर वढला, ना शेण दिलं."

"माजी पाडी गेली की त्यांच्या पायी," लिंबाजी म्हणाला. यावर कुणी हसलं नाही.

"पर यंदाच कसं झालं हे?" कुणीतरी विचारलं. "कुरण तर दरसालचंच हाय."

सारजाबाई पदराने हात पुसत होती. तिने मान वर करून मोकळ्या आभाळाकडं बघितलं. "चिंचंवर घुबडं हुती तवा हितं उंदीर दिसत न्हवता," ती म्हणाली. "एका राती दोन दोन उचलायची. चिंच कुणी पाडायला लावली ते इचारा."

कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी नुसतं बंडप्पांकडं बघितलं.

बंडप्पा धोतराची मागची बाजू सांभाळत परत आले होते. ते कुदळीच्या खड्ड्याजवळ गेले, आत वाकले, आणि वर आले तेव्हा त्यांचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा झाला होता. "मंडळी, हिशेब करू," ते म्हणाले. "मी म्हणालो होतो, टोळी आहे. आहे. मी म्हणालो, भुयार आहे. हे बघा भुयार. मी म्हणालो, काप तिरका, हत्यार बारीक, चोर बुटका. शब्द न् शब्द खरा ठरला. चूक झाली असेल तर ती उंचीच्या अंदाजात."

"आन गाय?" गुरुसिद्धप्पा म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज चढला होता.

"दाजी, जगदेवक्काची गाय. ती कुठल्या अंदाजात बसती?"

बंडप्पांनी सळई या हातातून त्या हातात घेतली. पाटील मधे आले. "गाय आत्ताच्या आत्ता सोडा. दंड न्हाय, काय न्हाय. आन नाकेदार, तुमची एक नेमणूक करतो. घुबडं तुमी हाकलली, तर त्यांची जागा रिकामी हाय. कुरणात मचाण बांधून देतो. दुसरी घुबडं येऊस्तवर तुमी बसायचं."

गाव पोट धरून हसलं. बंडप्पांनी मात्र फक्त एकच शब्द ऐकला होता. "नेमणूक," ते हळूच स्वतःशी म्हणाले, आणि छाती थोडी पुढं आली.

सगळी वरात कोंडवाड्याकडं निघाली. बिराप्पाने दार उघडलं. गंगव्वा बाहेर आली, तिने जगदेवीच्या खांद्याला नाक लावलं आणि मोठा श्वास सोडला. जगदेवी इतके दिवस एकदाही रडली नव्हती. आता तिने गाईच्या मानेवर हात ठेवला आणि तोंड दुसरीकडं केलं.

बंडप्पा पुढं झाले. माफी मागायची तर कोणत्या शब्दांनी, हे त्यांना नाक्यावर कुणी शिकवलं नव्हतं. ते खाकरले. "जगदेवी," त्यांनी सुरुवात केली, "तहकीकातीत असं आहे, की कधी कधी..."

गंगव्वाने मान लांब केली आणि त्यांच्या काखेतली पेंढी ओढून घेतली.

"अगं, अगं, मुद्देमाल आहे तो," बंडप्पा पेंढीचं दुसरं टोक धरून म्हणाले. "सोड. आरोपीनं मुद्देमाल खायचा नसतो."

गाईने ओढलं. लाल दोरा तुटला, लाखेचा ठिपका धुळीत पडला. भर रस्त्यात, सगळ्या गावासमोर, गंगव्वा देवाच्या कुरणातलं गवत सावकाश चावू लागली.

"खाऊ द्या, नाकेदार," जगदेवी डोळे पुसत म्हणाली. "इतके दिस तिनं चोर म्हणून काढले. येवढं तरी तिच्या पोटात जाऊ द्या."

बंडप्पांनी हातातल्या टोकाकडं बघितलं. दोन-चार काड्याच उरल्या होत्या. त्यांनी त्या नीट एकत्र केल्या आणि स्वतःच्या हाताने गंगव्वाच्या तोंडापुढं धरल्या.